ध्वनिसंदेश : आधीं ऐकावा, मग धाडावा

मसुदा पुन्हां वाचल्यावांचून साहेबांपुढें ठेवावयाचा नाहीं, ही शिस्त महसूल खात्याच्या कारकुनींत आमच्या अंगीं बाणली होती. स्मार्टफोनवर बोलून धाडावयाच्या संदेशासही ती तितकीच लागू आहे, हें मात्र ठेंच लागल्यावरच उमगलें.

गेल्या खरिपांत मी कराडास गेलों होतों. पाटणकडे भातावर तणनाशक फवारावयाचें म्हणून पुतण्यानें प्रमाण विचारिलें. एका पंपास १५ मिलि सांगावयाचें, तें घाईंत मीं 'पन्नास' म्हटलें. पोरानें वडिलांचा शब्द प्रमाण मानिला. चार दिवसांत निम्में वावर पिवळें पडलें. संदेश मागाहून ऐकला, तेव्हां चूक माझ्याच तोंडची निघाली.

व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश सन २०१३ मध्यें आले. धाडण्यापूर्वीं ते स्वतः ऐकण्याची सोय मागाहून झाली. तिची रीत येणेंप्रमाणें :

मायक्रोफोनचें चिन्ह दाबून धरावें व बोट वर सरकवावें, म्हणजे कुलूप लागून हात मोकळा होतो. बोलणें संपतांच थांबविण्याची खूण दाबावी, आणि त्रिकोणी खुणेवर बोट ठेवून सर्व ऐकावें. चूक आढळल्यास टोपलीची खूण दाबून तें काढून टाकावें. बरोबर असल्यासच बाणाची खूण दाबावी.

औषधाचें प्रमाण, गट नंबर व रक्कम हीं मात्र दोनदां सांगावीं : 'पंधरा, म्हणजे दहा आणि पांच.' ऐकण्यास अर्धें मिनिट लागतें. पिवळें पडलेलें भात पुन्हां हिरवें होण्यास तेवढ्यानें भागत नाहीं.