वीतभर पंख्याची परीक्षा

आकाशात भिरभिरणारा ड्रोन तुम्ही पाहिलाच असेल. लहान विमानाच्या आकाराच्या ड्रोनला पुढे नेतो तो जेमतेम वीतभर लांबीचा पंखा, म्हणजेच प्रोपेलर. मोठ्या विमानाच्या चांगल्या प्रोपेलरची कार्यक्षमता शेकडा ८० च्या वर जाते. मग त्याचीच छोटी प्रतिकृती केली की झाले, असे वाटेल. पण तसे होत नाही. का बरे?

कारण लहान पात्याला हवा जणू अधिक चिकट भासते. हा चिकटपणा किती जाणवेल, हे रेनॉल्ड्झ अंकावरून कळते. वेगाला पात्याच्या रुंदीने गुणायचे आणि हवेच्या गतिक श्यानतेने भागायचे. १० इंची पंखा मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर केंद्रापासून पाऊण अंतरावरचा पात्याचा भाग सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने हवा कापतो. तेथे रुंदी ०.०२ मीटर व श्यानता ०.००००१५ धरली, तर अंक येतो ६०,०००. जेट विमानाच्या पंखाचा हाच अंक कोटींच्या घरात असतो. अंक लहान असला की पात्याला बिलगलेला हवेचा थर लवकर सुटतो. रेटा घटतो आणि ओढ वाढते.

हा परिणाम केवळ कागदावरच्या गणिताने नेमका सांगणे कठीण. म्हणून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ब्रँट व सेलिग यांनी ७९ लहान प्रोपेलर वातविवरात तपासले. बहुतेक ९ ते ११ इंच व्यासाचे होते. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

वातविवर म्हणजे हव्या त्या वेगाचा वारा वाहवता येणारा बोगदा. त्यात पंखा ठरावीक गतीने फिरवायचा आणि वाऱ्याचा वेग हळूहळू वाढवत न्यायचा. प्रत्येक वेळी रेटा व पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती मोजायची. रेटा गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले ही शक्ती, म्हणजे कार्यक्षमता. वारा नसेल तर रेटा भरपूर, पण वेग शून्य. म्हणून कार्यक्षमताही शून्य. वारा फार वाढला की रेटाच शून्य होतो! या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सर्वोच्च बिंदू सापडतो.

सर्वांत चांगल्या प्रोपेलरचा हा बिंदू शेकडा ६५ च्या जवळ होता, तर अगदी वाईट प्रोपेलरचा अवघा २८! म्हणजे १०० वॉट शक्तीपैकी पहिल्याने ६५ वॉट कामी लावले. दुसऱ्याने ७२ वॉट नुसती हवा ढवळण्यात घालवले. बाकी सर्व सारखे असेल, तर त्याच बॅटरीवर पहिला ड्रोन दुपटीहून अधिक दूर जाईल. पंखा निवडताना नुसता आकार पाहून चालत नाही, तो असा.

आता एक प्रश्न. वरच्या उदाहरणातील पंखा निम्म्या गतीने फिरवला, तर रेनॉल्ड्झ अंक किती होईल? आणि कार्यक्षमता वाढेल की घटेल? विचार करा.