थोडक्या पाण्याचे शौकीन

छत्रपती संभाजीनगरात राहून मासे धरायचा नाद आहे असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "नाथसागरावर जाता का?" घरी परसबाग आहे म्हटलं, की दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, "पाणी कुठून आणता?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकतो. कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यातून जेमतेम एकदा पाणी येतं, आणि हातभर खणलं की खाली मुरूम नाहीतर काळा पाषाण. तरीही इथे गळ आणि खुरपं ही दोन्ही हत्यारं टिकून आहेत, आणि पुष्कळदा एकाच घरात. रविवारी पहाटे दुचाकीला काठी बांधून ओढ्यावर जाणारा गृहस्थ संध्याकाळी सिडकोतल्या रो-हाऊसच्या पुढच्या दहा-बारा फुटांत दोडक्याचा वेल मांडवावर चढवत असतो. या जोडछंदाचा हा आढावा. मोठ्या धरणाने या शहराला मोठ्या पाण्याची सवय लावली. थोडकं पाणी ओळखायची आणि पुरवून वापरायची जुनी रीत ज्यांच्याकडे उरली आहे, त्यांत या हौशी लोकांचा नंबर बराच वर लागतो.

नद्या छोट्या, वाटा वेगळ्या

जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर गोदावरी सोडली की बाकी सगळा कारभार लहान नद्यांचा आहे. खाम जटवाड्याच्या डोंगराकडून येते, शहरातून जाते आणि गोदावरीला मिळते. पूर्वेची सुखना दुधनेकडे वळते. म्हैसमाळच्या डोंगरातली गिरिजा पूर्णेला जाऊन मिळते. वेरूळला वेळगंगा आहे, कन्नडकडे शिवना आहे. अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालेसारखा वळसा घालणारी वाघूर मात्र तापीची. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या पावसाचा मोठा हिस्सा बंगालच्या उपसागराला जातो आणि थोडा अरबी समुद्राला. यातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर बारीक होतात आणि होळीपर्यंत त्यांचे नुसते डोह राहतात.

या तुटपुंज्या पाण्यावर शहर वसवण्याची हिंमत मलिक अंबरने केली. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. पंप नाही, इंजिन नाही. उतार आणि पाण्याचा दाब एवढ्याच जोरावर खापरी नळांतून पाणी खेळवलं. पुढे याच पद्धतीच्या एका नहरीवर पाणचक्की उभी राहिली. भिंतीवरून खाली पडणाऱ्या धारेने जातं फिरायचं, तिथे उतरणाऱ्या फकिरांना आणि प्रवाशांना पीठ मिळायचं, आणि उरलेलं पाणी हौदात साठून मासे आणि बाग दोन्ही पोसायचं. आजही पाणचक्कीला आलेली पोरं आधी हौदाच्या काठाशी वाकून मासेच पाहतात. शहरातल्या मासे आणि झाडांच्या नात्याचा इतका जुना नमुना दुसरा नाही. एकच पाणी तीनदा कामाला लावायचं, हा त्यातला हिशेब.

दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग याच परंपरेतली. सुमारे तीनशे एकरांच्या या मुघलकालीन बागेत आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. आंबा, चिकू, पेरू, मोसंबीच्या कलमांसाठी शहरातले बागवाले तिकडेच वळतात. शेजारचा जुना खिजरी तलाव म्हणजे आजचं सलीम अली सरोवर. तिथे गळाचं काही काम नाही; दुर्बीण घेऊन जावं.

मोठं पाणी आणि त्याचे मासे

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. सुमारे १०२ टीएमसी पाणी साठवणाऱ्या त्याच्या जलाशयाने, म्हणजे नाथसागराने, मराठवाड्याची शेती, शहराचे नळ आणि कारखाने सांभाळले. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्यही आहे. तिथली मासेमारी हा परंपरागत मच्छीमारांचा पोटाचा धंदा आहे. जाळी, होड्या, सहकारी संस्था, ठेका, पहाटेचा लिलाव, हे सगळं त्यात आलं. हौशी माणसाने तिथे परवानगी विचारूनच बसावं, कारण तलावात सोडलेल्या बीजाचे पैसे कोणीतरी भरलेले असतात.

ते बीज म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणलं आणि तलावा-तलावांत मत्स्यबीज पोहोचायची सोय झाली. बाजारात आज स्वस्त मिळणारा गोड्या पाण्यातला मासा बराचसा त्या शोधाची कमाई आहे. ओढ्याचा मासा मात्र सहसा कोणी सोडलेला नसतो. तो तिथलाच असतो, आणि ओढा राहिला तरच राहतो.

ओढ्याकाठी

ओढ्यावरच्या माणसाचं सामान झोळीत मावतं. बांबूची किंवा घडीची काठी, तंगूस, दोन-तीन मापांचे गळ, शिशाचा मणी आणि पाण्यावर तरंगणारं भेंड. खऱ्या भेंडाची जागा आता थर्माकोलने घेतली आहे, काहीजण मोरपिसाची दांडी वापरतात. आमिष म्हणजे गांडूळ, नाहीतर हळद घालून घट्ट मळलेली कणीक.

सगळी विद्या त्या भेंडाकडे पाहण्यात आहे. चिलापी असली की ते सारखं टुकटुक नाचतं. घाई केली की गळ रिकामा येतो. रोहू आमिष उचलतो तेव्हा भेंड बुडण्याऐवजी कधी कधी आडवं पडतं. वाम हळूच ओढत नेते आणि दगडाच्या कपारीत शिरून अशी अडकते, की तंगूस तोडूनच घरी यावं लागतं. मरळ बसते शेवाळाच्या कडेला, जिवंत चिंगळी किंवा बेडूक तिला आवडतो; ती आली की विचार करायला वेळ नसतो. सिंघाळ्याच्या कल्ल्याजवळचे काटे ज्याला एकदा लागले तो पुढे फडक्याशिवाय मासा धरत नाही. वाहत्या धारेच्या दगडांना चिकटून शेवाळ खाणारा बोटभर मळ्या गळाला सहसा येत नाही, पण तो दिसला की पाणी अजून जिवंत आहे असं समजावं. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात हा मळ्याही आहे.

या सगळ्यांत मराठवाड्याचा खरा मासा मरळ. तिला कल्ल्यांखेरीज वरची हवा घेऊन जगता येतं, म्हणून डोह आटून चिखल झाला तरी ती तग धरते. पावसाळ्यात तिची लालसर पिल्लं झुंडीने वर फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. त्या झुंडीखाली गळ टाकला तर राखणदार हमखास झेपावतो, आणि म्हणूनच जाणता माणूस तिथे गळ टाकत नाही. एक मरळ काढली की शेकडो पिल्लं बेवारस होतात. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात चढणीला लागलेल्या माशांबद्दलही हाच नियम. पोटात गाभोळी असलेला मासा धरायचा नसतो. खरा हंगाम पोळ्याला पाणी निवळतं तेव्हा सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत चालतो.

१९७२ च्या दुष्काळात कामं काढून जे पाझर तलाव बांधले गेले, त्यांनी या हौशीला पुष्कळ जागा दिल्या. हेतू विहिरींचं पाणी वाढवण्याचा होता. मासे आणि पाणपक्षी हा वरचा लाभ.

अंगणातला हंगाम

बागेचं पंचांगही तेच. मृगात वेलांच्या बिया टोचल्या, की दोडकी, घोसाळी, कारली गणपतीच्या सुमारास हाताशी येतात. घरी महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या लागतात. त्यातल्या पाच-सहा जरी अंगणातल्या निघाल्या, तरी घरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा असतो. दिवाळीत मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा पेरायचा. संक्रांतीच्या भोगीला वालाच्या शेंगा आणि वांगी तोडायची. शिमग्यानंतर नवं काही लावायचं नाही. हिरवी जाळी बांधायची आणि आहे ते जगवायचं.

इथली जमीन सोपी नाही. काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मुरमाच्या जागेत पाणी थांबतच नाही. त्यामुळे खड्डा मोठा घेऊन त्यात माती, शेणखत आणि पालापाचोळा भरण्याला पर्याय नाही. दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. ते जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि वर्षभरात मोगरा, लिंबू, जास्वंदाची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळजण याला खताची कमतरता समजून युरिया टाकतात. दुखणं वेगळं असतं. चुनखडीच्या पाण्याने माती विम्ल होते, आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. भरपूर कंपोस्ट, अधूनमधून चिलेटेड लोह आणि पावसाळ्यात पिंपांत धरून ठेवलेलं पागोळ्यांचं पाणी हाच त्यावरचा उपाय.

पाण्याची काटकसर इथे कोणाला शिकवावी लागत नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी अळूला, झिलई नसलेला मातीचा माठ मुळांशी पुरून त्यात पाणी, वर उसाच्या पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि थोडकं पाणी यांचा हिशेब सामान्य माणसाच्या हाती दिला. गच्चीवरच्या बागांची मराठी परंपरा बरीचशी तिथून आलेली आहे. पैठण रस्त्यावरच्या वाल्मी संस्थेत पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचं शिक्षण दिलं जातं, ते कालव्याच्या मापाने. अंगणातला माणूस तेच तांब्याच्या मापाने करतो.

गळ आणि खुरपं एकमेकांना उपयोगी पडतात ते गांडुळाच्या खड्ड्यापाशी. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेण घातलेल्या खड्ड्यात खतही होतं आणि रविवारचं आमिषही. परतताना मासा साफ केला की डोकी, खवले, आतडी वाया जात नाहीत. तेवढाच गूळ घालून डबा झाकून महिनाभर मुरवलं, की गडद द्राव तयार होतो. तो भरपूर पाणी घालून पालेभाजीला द्यायचा. डबा घरापासून लांब आणि मांजरापासून उंच ठेवावा, एवढंच पथ्य.

पाणी साठवायची सवय डासांनाही सोयीची पडते. डेंग्यूच्या हंगामात आरोग्य खात्याचे लोक हौदात गप्पी मासे सोडतात, अळ्या संपतात. पण तोच गप्पी पुढे कौतुकाने ओढ्यात सोडू नये. हौदाचा मासा हौदातच बरा.

काय बिघडलं, काय करता येईल

चिलापीचं उदाहरण समोर आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आता गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तोच दिसतो आणि देशी माशांची जागा खातो. आफ्रिकी मांगूर पाळायला बंदी असूनही अधूनमधून तो सापडतो. स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी डोहात वीज सोडणारे भेटतात. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटभर पिल्लंही संपतात. सगळ्यात मोठा घाव मात्र सांडपाण्याचा आणि भरावाचा. गाव वाढत गेलं तसे ओढे आधी नाले झाले, मग स्लॅबखाली गेले.

खामच्या बाबतीत थोडी आशा ठेवता येते. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व संस्था यांनी मिळून नदीकाठचा कचरा काढण्याचं, काठ मोकळे करण्याचं आणि झाडं लावण्याचं काम चालवलं आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरविषयक पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम पोहोचलं. काठ सुधारला, हे मोठंच. पण पाणी सुधारलं की नाही हे काठावरच्या बाकांवरून कळायचं नाही. त्यासाठी मळ्या, झिंगे आणि खेकडे परत आले का ते पाहावं लागेल, आणि तसं पाहणारी माणसं शहरात आहेत.

त्यांचा उपयोग करून घ्यायला फार खर्च नाही. प्रत्येक ओढा कधी वाहू लागला, कधी थांबला, त्यात कोणते मासे दिसले, याची साधी नोंद शहरातल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने हौशी लोकांकडून दरवर्षी मागवावी. प्रत्येक ओढ्यावरचा एक खोल डोह उन्हाळ्यात राखीव ठेवावा. पुढच्या पावसाळ्याचं बीज तिथेच टिकतं. सोसायट्यांनी छतावरचं पाणी गटारात सोडण्याऐवजी बागेच्या हौदात घ्यावं.

शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेतून नळ रोज यायला लागला, तर त्याचा आनंद सगळ्यांनाच होईल, बागवाल्यांना सगळ्यात जास्त. धोका त्यानंतरचा आहे. रोजचं पाणी आलं की पिंपं भंगारात जातील, हौदावर गाडी उभी राहील आणि ओढ्याची चौकशी करायचं कारण उरणार नाही. नाथसागर एकेकाळी भरवशाचा वाटला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याचा तळही लोकांनी पाहिला. म्हणून नळ रोज आला तरी हौद बुजवू नये.