लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांतील पर्यावरणविषयक संदेश : कडेगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कडेगाव तालुक्यातील अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला जंगलाची पहिली ओळख आज बहुधा पडद्यावर होते. पूर्वी दूरचित्रवाणी संच होता, आता घरातील मोबाईल आहे. तेथे दिसणारे जंगल घनदाट, सदाहरित व माणसांपासून दूर असते. त्यात प्राणी बोलतात, गातात, आणि एके दिवशी माणूस यंत्रे घेऊन त्यांच्यावर चालून येतो. त्याच मुलाच्या तालुक्यात सागरेश्वर अभयारण्य आहे. ते उजाड डोंगरांवर माणसांनी उभे केलेले आहे, आणि त्याच्या कडेने कुंपण आहे. या दोन जंगलांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अ‍ॅनिमेशनपट मुलांना निसर्गाविषयी नेमके काय सांगतात, काय सांगावयाचे राहून जाते, आणि राहिलेला भाग कडेगावसारख्या ठिकाणी अधिक महत्त्वाचा का ठरतो, याचा येथे विचार केला आहे.

अभयदानाची कथा

भारतीय अ‍ॅनिमेशनच्या इतिहासात हरणाला मानाचे स्थान आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली क्लेअर वीक्स हे डिस्ने संस्थेतील चित्रकार मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. त्यांनी येथील कलावंतांचा एक गट तयार केला. राम मोहन यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले अ‍ॅनिमेशनकार याच विभागात घडले. वीक्स यांनी अमेरिकेत ‘बँबी’ (१९४२) या हरणाच्या पाडसावरील चित्रपटासाठी काम केले होते. मुंबईतील गटाचा पहिला महत्त्वाचा चित्रपटही हरणांचाच होता. ‘द बॅनियन डीअर’ (१९५७) हा तो लघुपट निग्रोधमिग जातकावर आधारलेला आहे. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एक हरीण पाळीने मरावयास जाते. गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा तिच्या जागी स्वतः मृगराज उभा राहतो. त्याच्या त्यागाने राजाचे मन पालटते आणि सर्व प्राणिमात्रांना अभय मिळते.

पंचावन्न वर्षांनंतर महाराष्ट्रातच तयार झालेल्या दुसऱ्या चित्रपटातही हीच रचना आढळते. निखिल अडवाणी दिग्दर्शित ‘दिल्ली सफारी’ (२०१२) हा पुण्यातील क्रेयॉन पिक्चर्स या संस्थेने घडविलेला त्रिमितीय चित्रपट. ६० व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपट ठरला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील झाडी बांधकामासाठी तोडली जाते, युवी नावाच्या बछड्याचा बिबट्या बाप त्यात मारला जातो, आणि बछडा, त्याची आई, माकड, अस्वल व माणसाची भाषा जाणणारा पोपट संसदेला जाब विचारण्यासाठी दिल्लीला निघतात. राजवाड्याच्या जागी संसद आली आहे, परंतु मागणी तीच आहे. दुर्बल प्राण्याने सत्तेच्या दारी जावे, सत्तेने द्रवावे आणि अभय द्यावे.

या रचनेचे सामर्थ्य नाकारता येत नाही. ‘बँबी’ प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील शिकारीविषयक एका नियतकालिकाच्या संपादकाने तो शिकाऱ्यांचा अपमान असल्याचे म्हणून निषेध नोंदविला होता. १९४४ मध्ये वणवाप्रतिबंधाच्या सरकारी भित्तिपत्रकावर बँबीचे चित्र झळकले. डिस्नेने ते वर्षभरापुरतेच वापरावयास दिले होते, म्हणून त्यानंतर ‘स्मोकी’ अस्वलाची निर्मिती झाली. चित्रपटातील पाडसाच्या डोळ्यांनी एका पिढीला जंगलाकडे पाहावयास शिकविले, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र प्रत्येक आग ही शत्रूच, या सोप्या संदेशाची तेथील वनशास्त्रज्ञांना पुढे दुरुस्ती करावी लागली, हेही विसरता येत नाही.

जातककथेचा उत्तरार्ध या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. अभय मिळाल्यानंतर हरणे निर्धास्त होतात आणि लोकांच्या शेतात शिरून पिके खाऊ लागतात. राजाज्ञेमुळे शेतकऱ्यांना त्यांना हाकलताही येत नाही. तक्रार राजाकडे जाते. राजा म्हणतो, राज्य गेले तरी चालेल, दिलेला शब्द मोडणार नाही. अखेर मृगराज आपल्या कळपाला पिकात शिरण्यास मनाई करतो आणि शेतकऱ्यांना निरोप पाठवितो, की कुंपण घालू नका, शेताच्या कडेला खुणेसाठी पाने बांधा. अभयदानाने कथा संपत नाही, तेथून शेजाऱ्यांचा प्रश्न सुरू होतो, हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कथाकाराला ठाऊक होते. मुलांसाठीचे अ‍ॅनिमेशनपट मात्र बहुधा अभयदानाशीच थांबतात.

सागरेश्वर : लावलेले जंगल

कडेगावचे मूल जगते ते नेमके या उत्तरार्धात. कडेगाव, वाळवा व पलूस तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या मानाने लहानच. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्या लगत आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरांवर झाडे लावली गेली, जगविली गेली, आणि चितळ, सांबर, काळवीट यांना तेथे आसरा मिळाला. मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पडद्यावर माणूस जंगल तोडतो, येथे माणसाने ते लावले आहे. आणि ज्यांना अभय मिळाले तीच हरणे कुंपणाबाहेर येऊन पिकांचे नुकसान करतात, ही तक्रारही लगतच्या गावांतून होत आली आहे. ज्या घरातील ज्वारी किंवा हरभरा हरणांनी खाल्ला, त्या घरातील मुलाला ‘प्राण्यांवर प्रेम करा’ हा संदेश अपुरा वाटला तर दोष मुलाचा म्हणता येणार नाही.

पाण्याविषयीही असेच म्हणता येईल. चित्रपटांतील नदी डोंगरातून उताराने वाहत येते. अवर्षणप्रवण कडेगाव तालुक्यात कृष्णेचे पाणी ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांतून पंपांच्या बळावर वर चढते. येथील मुलाच्या अनुभवात पाणी विजेवर चालते, त्याला आवर्तन असते, पाणीपट्टी असते. (पाण्याचे वीजबिल हा विषय अद्याप एकाही बालचित्रपटाला सुचलेला दिसत नाही!) या पाण्याने ऊस आला आणि उसाने बिबट्याला लपण. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाट लोकवस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले होते. ‘दिल्ली सफारी’तील बिबट्याचे घर जंगल आहे आणि तेथून त्याला हुसकावले जाते. उसाच्या पट्ट्यातील बिबट्या माणसाच्या शेतातच वाढतो. पहिल्याची कणव दुसऱ्याच्या भीतीवर उतारा ठरत नाही.

बोलणारे प्राणी आणि बालमन

दुसरा प्रश्न माध्यमाचा आहे. साधारण दोन ते सात या वयात मूल निर्जीव वस्तूंनाही मन असल्याचे मानते, असे जाँ पियाजे यांनी दाखविले. अ‍ॅनिमेशनचे मानवीकरण या वृत्तीशी सहज जुळते, म्हणूनच ते बालकांना भावते. परंतु भावणे आणि शिकणे यांत अंतर आहे. टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानिया व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानवी रूप दिलेल्या प्राण्यांची पुस्तके ऐकलेल्या लहान मुलांनी त्या प्राण्यांविषयीची वस्तुस्थिती कमी ग्रहण केली आणि खऱ्या प्राण्यांनाही मानवी गुण चिकटविले. २०१८ च्या आणखी एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची कथा ऐकविली गेली. पात्रे माणसे असताना मुलांनी प्रत्यक्षात अधिक वाटून दिले, प्राणी असताना नाही. हे प्रयोग पुस्तकांवरील आहेत. ते चित्रपटांना जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. तरीही बोलक्या प्राण्याच्या तोंडून दिलेला उपदेश मुलाच्या वागणुकीत आपोआप उतरतो, हे गृहीतक त्यांनी सैल केले आहे.

उलट भीतीही तपासून घ्यावी लागते. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) नंतर मुलांच्या हट्टापायी विदूषक माशांची मागणी वाढली, असे सर्वत्र सांगितले जाते. ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) च्या परिणामांचा मागोवा घेणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र त्या माशाविषयीचा इंटरनेटवरील शोध काही आठवडे वाढलेला दिसला, आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. चित्रपट कुतूहल जागे करतो आणि ते थोडेच दिवस टिकते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

वर्गातील उपयोजन

ते थोडे दिवस कोणाच्या हाती असतात, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या जवळचा आहे. एम. सी. मेहता खटल्यातील २२ नोव्हेंबर १९९१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना प्रत्येक खेळात पर्यावरणविषयक स्लाइड दाखविणे बंधनकारक केले आणि शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले. पदवी स्तरावरील पर्यावरण अभ्यासाचा सक्तीचा पाठ्यक्रम त्यातूनच आला. पडदा आणि वर्ग यांचा विचार न्यायालयाने एकाच आदेशात केला होता. व्यवहारात मात्र स्लाइड ही औपचारिकता झाली, आणि पदवीचा पाठ्यक्रम शिकून शिक्षकी पेशात गेलेल्या अनेकांना बालवर्गात चित्रपट कसा दाखवावा याचा सराव मिळाला नाही.

जपानमधील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) मध्ये खलनायक नाही. गावालगतची राई, शेते आणि दोन लहान बहिणी एवढेच त्यात आहे. सायामा टेकड्यांवरील अशीच राई वाचविण्यासाठी १९९० मध्ये टोटोरोच्या नावाने निधी उभारला गेला आणि १९९१ मध्ये त्यातून पहिली वनजमीन विकत घेण्यात आली. ती राईही पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी सरपण व पालापाचोळ्यासाठी वापरलेली, म्हणजे सागरेश्वरच्या जातकुळीची होती. चित्रपटातील जंगल प्रेक्षकांच्या परिचयाचे होते, म्हणून त्यांना ते नकाशावर दाखविता आले.

कडेगावच्या शिक्षकाला असा चित्रपट तयार मिळणार नाही. ‘दिल्ली सफारी’ दाखवून झाल्यावर मुलांना सागरेश्वरच्या कुंपणापाशी नेणे मात्र त्याला शक्य आहे. हे डोंगर पूर्वी कसे होते, झाडे कोणी लावली, हे तेथे गावातील वडीलधाऱ्यांकडून ऐकता येते. शेत राखणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला बोलते करता येते. निग्रोधमृगाची गोष्ट पिके खाल्ली जाण्याच्या प्रसंगापर्यंत सांगून तेथेच थांबावे, आणि राजाने आता काय करावे, हरणांनी काय करावे, शेतकऱ्याने काय करावे, हे मुलांनाच विचारावे. पाने बांधण्याची युक्ती त्यांची उत्तरे ऐकून झाल्यावर सांगता येईल.