हप्ता थकला, आता पोलीस येतील का?

‘आज पाचपर्यंत पैसे भरा, नाहीतर अटक वॉरंट निघेल.’ वसुलीवाल्याचा हा मेसेज आला की घरातली झोप उडते. मग घाबरलेला माणूस दुसऱ्या ॲपवरून आणखी महाग कर्ज काढतो आणि पहिला हप्ता भरतो. माझ्या मते या घाईतच लोक जास्त बुडतात, आणि घाई होते ती कायदा काय म्हणतो हे ठाऊक नसल्यामुळे.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्या उठावानंतर आलेल्या १८७९च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद केलं. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कैदेची तरतूद उरली आहे. पण पैसे असूनही लबाडीने न देणाऱ्यासाठीच ती वापरता येते, ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्यासाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला तर अटक करताच येत नाही.

फौजदारी भाग वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. दिलेला चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तरीही अशीच कारवाई होऊ शकते. चेकबद्दलची नोटीस हाती पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून मेसेजमधल्या धमकीने हातपाय गाळू नयेत, मात्र नोटिशीचं पाकीट न फोडता ठेवू नये. बँकेच्या वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची, नातेवाइकांना छळायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘सरळ दिवाळं जाहीर करतो, सगळं माफ होईल,’ असं वैतागून म्हणणारे बरेच असतात. दिवाळखोरी स्वतः जाहीर करता येत नाही. न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि आदेश न्यायालय देतं. २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता रोज बातम्यांत दिसते, पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. नोकरदाराला, दुकानदाराला अजून जुनेच कायदे आहेत: मुंबई शहरात १९०९चा, उरलेल्या महाराष्ट्रात १९२०चा. न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते आणि कर्ज देणाऱ्यांत वाटली जाते. कर्जातून मुक्ती त्यानंतर, वेगळा अर्ज करून मागायची असते. ती मिळेपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही. फसवणुकीतून झालेलं देणं मुक्तीनंतरही सुटत नाही, आणि घर तारण असेल तर त्यावरचा बँकेचा हक्कही तसाच राहतो. ज्याच्या गळ्याशी खरंच आलंय त्याच्यासाठी हा मार्ग आहे, पण वकिलाशी बोलून, पूर्ण समजून.

घरातलं सगळं उचलून नेतील ही भीतीही अनाठायी आहे. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, भविष्य निर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. मंगळसूत्रासारखा, धर्माच्या रीतीने बाईला अंगावरून काढता न येणारा दागिनाही सुरक्षित आहे. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. म्हणजे जप्तीसाठी धरायचा पगार ३१ हजार असेल तर महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त कापता येत नाहीत.

जामीनदाराबाबतचा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. ‘नुसती सही तर करायचीय,’ असं म्हणत मित्राला, मेहुण्याला, सहकाऱ्याला पतसंस्थेत नेलं जातं. १८७२च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला साधारणपणे म्हणता येत नाही. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला मिळवला की नोटीस जामीनदाराच्या दारातही येते. भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून परत मागायचा हक्क त्याला असतो, पण ती लढाई त्याची त्यालाच लढावी लागते. सही करायच्या आधी, ही रक्कम उद्या मला भरावी लागली तर जमेल का, एवढं विचारा. नाही म्हणण्यात अपमान कोणाचाच नाही.

बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येतं, हेही अर्धसत्यच. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती. मुंबई इलाख्यात तर हिंदू वारसांसाठी ही मर्यादा १८६६च्याच कायद्याने घातली होती. मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

कमी रकमेत तडजोड झाली की खातं कोरं होत नाही. सिबिलच्या अहवालात ते ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं. तडजोडीचं पत्र हातात आल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

खाजगी सावकाराला जमीन ‘तात्पुरती’ खरेदीखताने लिहून दिली, आता ती गेलीच, असं मानून गप्प बसलेली कुटुंबं गावोगावी आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ त्यांच्यासाठीच आहे. व्यवहार अवैध सावकारीतला होता असं चौकशीत ठरलं, तर जिल्हा निबंधक १५ वर्षांच्या आतलं खरेदीखतही रद्द करून जमीन परत देऊ शकतात. अर्जाची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करा. सोबत सातबारा, खरेदीखताची नक्कल आणि व्याज दिल्याचे जे काही पुरावे असतील ते न्या: बँकेच्या नोंदी, चिठ्ठ्या, फोनवरचे निरोप, शेजाऱ्याची साक्ष. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला याच कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.