आशाताईंच्या बोलण्याचे मोल

पनवेल म्हटले की द्रुतगती मार्ग, उंच इमारती आणि नवा विमानतळ आठवतो. पण याच तालुक्यात माथेरानच्या पायथ्यापर्यंत ठाकूर आणि कातकरी वाड्या विखुरलेल्या आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरात बाळ जन्मले की पहिले ४२ दिवस त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम आशा स्वयंसेविकेचे असते.

रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचा, ते दूध नीट ओढते का ते पाहायचे. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे, दूध सोडणे ही धोक्याची लक्षणे. ती ओळखायला शिकवता येते. खरी परीक्षा त्यानंतर असते. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवसाची मजुरी बुडणे परवडणारे नाही, सासूचा विरोध, शिवाय ‘दवाखान्यात आपल्याशी कोण नीट बोलतंय?’ ही मनातली धास्ती. हे सगळे ऐकून घेऊन त्या घराला रुग्णालयापर्यंत आणायला माणसे जोडण्याची हातोटी लागते.

या हातोटीने जीव वाचतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. प्रशिक्षण आणि औषधे होतीच. पण ओल्या बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश मिळतो तो विश्वासावर.

या कामाचा मोबदला कसा ठरतो? केंद्राच्या योजनेत नवजात बाळाच्या या भेटींसाठी एकूण २५० रुपये ठरवले गेले. सहा भेटी धरल्या तर भेटीमागे सुमारे ४२ रुपये. भेटी, वजन, लसीकरण, जन्मनोंदणी यांची नोंद होते. सासूची समजूत काढायला मारलेल्या चार फेऱ्यांना मात्र तक्त्यात रकानाच नाही.

बाजारात संवादकौशल्याला भाव नाही, असे नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा जवळपास १२ टक्के-बिंदूंनी वाढला आणि गणित व संवाद दोन्ही लागणाऱ्या कामांत वेतनही चांगले वाढले. पण शुश्रूषा, बालसंगोपन अशा कामांत चित्र उलटे दिसते. पॉला इंग्लंड आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात, शिक्षण आणि अनुभव सारखा धरूनही या कामांचे वेतन कमी आढळले. बंगळूरूच्या कापड कारखान्यांत महिला कामगारांना संवादकौशल्ये शिकवली, तेव्हा उत्पादन वाढले, पगार मात्र नाममात्रच वाढला. म्हणजे कौशल्य असून भागत नाही. ते कोणाच्या अंगी आहे, यावरही त्याची किंमत ठरते. बाईने गोड बोलणे, समजून घेणे हा तिचा ‘स्वभाव’ मानला की त्याचे पैसे द्यायचा प्रश्नच उरत नाही. ‘स्वयंसेविका’ या शब्दातही तीच समजूत दडली आहे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. महाराष्ट्रात संपानंतर, २०२४ मध्ये, त्यांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. हा मोठा दिलासा आहे. तरी कामागणिक मोबदल्याची पद्धत कायम आहे.

ती बदलायची तर सुरुवात साधी आहे. समुपदेशनाला लागलेला वेळ आणि वाया गेलेल्या फेऱ्या नोंदवाव्यात. वाडी दूर असेल, कुटुंब स्थलांतरित असेल तर दर अधिक असावा. संवादकौशल्य प्रशिक्षणात शिकवावे, त्याचे मूल्यमापन व्हावे आणि वरच्या पदासाठी ते धरले जावे. वेळेवर रुग्णालयात पोहोचलेल्या बाळाच्या केसपेपरवर औषधांची नावे असतात. त्या आधीचा तासभराचा संवादही उपचाराचाच भाग आहे, आणि त्याचे पैसे मिळणे हा त्या बाईचा हक्क आहे.