जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींतील प्रारंभदोष : एक विवेचन

प्रस्तावना : कावासाकी बजाज केबी-१००, यामाहा आरएक्स-१०० या टू-स्ट्रोक गाड्यांचे उत्पादन केव्हाच थांबले असून त्यांचे अस्सल सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. म्हणून विष्णुपुरीसारख्या ठिकाणी अशी गाडी वापरणाऱ्याने भाग बदलण्यापूर्वी दोषाचे निदान करणे अगत्याचे ठरते.

निदान : काही किक मारून स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. कॉक व कार्बोरेटरचे जेट तपासावेत. टाकीत दीर्घकाळ राहिलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, ते बदलावे. प्लग ओला असल्यास तो पुसून, उघड्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून ठिणगी पाहावी. ती क्षीण असल्यास प्लग, केबल व पॉइंट तपासावेत.

दोन्ही ठीक असूनही इंजिन सुरू न झाल्यास दाबाचा विचार करावा. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये दाबले जाते. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा उत्तम असूनही क्रँकचे ऑइल सील झिजल्यास बाहेरची हवा शिरून मिश्रण विरळ होते.

निष्कर्ष : इंधन, ठिणगी व दाब या क्रमाने तपासणी केल्यास अनावश्यक खर्च टळतो.