स्नानसंस्कारावांचून तारण : एका वादाचा गोमंतकाशीं संबंध

नाशिक, कोपरगांव, पैठण अशा गोदातीरींच्या गांवीं पितरांच्या गतीची चिंता पिढ्यान् पिढ्या वाहिली गेली आहे. हीच चिंता ख्रिस्ती धर्मांत निराळ्या रूपानें उभी राहते : ज्यास स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घडला नाहीं त्याचें तारण होतें कीं नाहीं ? हा वाद केवळ धर्मशास्त्र्यांचा नव्हे. गोमंतकांतील एका कायद्याशीं त्याचा निकट संबंध आहे. तो दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

रोमन कॅथॉलिक मताप्रमाणें तारणास स्नानसंस्कार अवश्य आहे. तथापि प्राचीन काळापासून दोन अपवाद मानिले गेले. दीक्षेपूर्वींच धर्मासाठीं ज्याचा वध झाला त्यास रक्ताचा बाप्तिस्मा घडला, व दीक्षेची इच्छा धरून जो मरण पावला त्यास इच्छेचा बाप्तिस्मा घडला, असें समजत. रोमन बादशहा दुसरा व्हॅलेंटिनियन हा सन ३९२ त असा दीक्षेवांचून मरण पावला, तेव्हां मिलानचा बिशप अँब्रोज यानें त्याच्या सद्गतीविषयीं भरंवसा प्रगट केला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेंही १५४७ त स्नानाच्या जोडीस स्नानाच्या इच्छेचा उल्लेख केला.

परंतु ज्यांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकिलें नाहीं त्यांचें काय ? १५४२ त गोव्यास उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरचें जानेवारी १५५२ चें कोचीनहून लिहिलेलें पत्र या संबंधांत पाहण्याजोगें आहे. जपानांतील नवख्रिस्ती आपल्या मृत पूर्वजांसाठीं रडत. नरकांतून त्यांची सुटका नाहीं असेंच झेवियरला त्यांस सांगावें लागलें. उलट त्याच पत्रांत, हत्या व चोरी हीं पापें होत हें कोणी न शिकवितांही मनुष्य जाणतो, असेंही तो प्रतिपादितो.

या मताचा व्यवहारांतील परिणाम गोव्यांत दिसतो. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेनें आईबाप व आजाआजी नसलेलीं हिंदूंचीं अज्ञान मुलें सेंट पॉल कॉलेजांतील जेसुइटांच्या हवालीं करून त्यांस बाप्तिस्मा देण्याचें ठरलें. पुढें आई जिवंत असतांही केवळ बाप मेलेल्या मुलांस हा नियम लावूं लागले. त्यामुळें कित्येक कुटुंबांनीं आपलीं मुलें खाडीपलीकडे आदिलशाही मुलुखांत पोंचविलीं.

आतां, स्नानावांचून तारण नाहीं या मतांतून हा कायदा आपोआप निघतो काय ? निघत नाहीं. तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनास यास स्नानाची अवश्यकता मान्य होती. तरीही जाणतें होईपर्यंत मूल निसर्गतः आईबापांच्या छत्राखालीं असतें, म्हणून त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यास बाप्तिस्मा देणें न्यायास सोडून आहे, असा त्याचा निर्णय होता. डन्स स्कोटस याचें मत याच्या उलट, राजसत्तेस तसा अधिकार देणारें होतें. पूर्ण अनाथ मुलाविषयीं अक्वायनासच्या युक्तिवादांतून पळवाट काढतां येईल. परंतु विधवेचें मूल नेणें त्यांत बसत नाहीं. तेव्हां त्या कायद्याचा दोष सर्वस्वीं सिद्धांतावर न ठेवितां, दोन मतांपैकीं सोयीचें मत उचलणाऱ्या राज्यकर्त्यांवर ठेवणें प्राप्त आहे.

सिद्धांतही पुढें विस्तारत गेला. निरुपाय अज्ञानांत राहून नीतीनें वागणाऱ्यांविषयीं नववा पायस यानें १८६३ त उदार मत मांडिलें. बॉस्टन येथील फादर लिओनार्ड फीनी यांनीं कडक मत धरिलें, तेव्हां रोमहून १९४९ त अव्यक्त इच्छाही पुरेशी होऊं शकते असें कळविण्यांत आलें. १९५३ त फीनी बहिष्कृत झाले, आणि १९७२ त त्यांचा समेट झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ त हेंच व्यापक मत नमूद केलें. स्नानावांचून मेलेल्या अर्भकांविषयीं २००७ च्या रोमन अभ्यासपत्रांत आशा सांगितली आहे, निश्चिति नव्हे.

प्रॉटेस्टंट पंथांतील, पण याच जातीचा एक प्रयत्न अहमदनगराशीं निगडित आहे. तेथें अनेक वर्षें कार्य केलेले रे. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ त साताऱ्यास स्थापिलेल्या देवाच्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस सारखेंच स्थान होतें. गोव्यांत ज्या संस्कारासाठीं मूल आईपासून तोडलें गेलें, तोच संस्कार येथें उंबरठ्यावरची अट राहिला नाहीं. धर्मांतराच्या इतिहासाचीं साधनें वाचतांना सिद्धांत व सत्ता हीं दोन्ही निरनिराळीं तपासावीं लागतात, एवढें यावरून स्पष्ट होईल.